सिक्युरिटी चेक: तुमचं काय काय झालं?

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून विमानतळावरच्या चौकटीतून ती गेली की यंत्र कोकलतंच. परवा पडद्याआड साडी गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, टाक्यांची खूण बघितली, हातातलं यंत्र दोनदा फिरवलं. तपासणाऱ्या बाई तशा सभ्य होत्या. डॉक्टरांचं पत्र आईने पर्समधून काढलं होतं, ते मात्र कुणी हातातही घेतलं नाही. बाहेर येऊन निऱ्या सारख्या करत म्हणाली, "पुढच्या वेळी रेल्वेनेच जाऊ." २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पायाच्या तपासणीबद्दल व्हिडिओ टाकला, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली होती. आईला कुठला व्हिडिओ टाकायला येतोय!

तपासणी हवीच, त्यावर वाद नको. सगळ्यांची सारखी होते का आणि तिचा उपयोग होतो का, यावर आपापले अनुभव लिहा.

सुरंगी:
माझं दुःख खोबऱ्याचं. सासूबाईंनी दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या आठ वाट्या चेक-इनच्या बॅगेतून काढून घेतल्या. त्यात तेल असतं, पेट घेतं, म्हणून बंदी. शेजारची आगळाची बाटली सुखरूप पोचली.

इनामदार:
आडनावावरून बरेच जण मला ब्राह्मण समजतात. पासपोर्टवरचं पहिलं नाव वाचलं की गैरसमज फिटतो. अमेरिकेत बोर्डिंग पासवर ओळीने चार 'एस' छापून आले की समजायचं, आज बॅग रिकामी होणार. कुणाचीही निवड होऊ शकते, असं म्हणतात. टीममधला कुलकर्णी बरोबर असतो, आमची तिकिटं एकाच वेळी काढलेली असतात. गेल्या नऊ खेपांत माझी लॉटरी पाच वेळा लागली, त्याची एकदाही नाही. लॅपटॉप, बूट, तळहात, सगळ्यांवरून कापडाचा तुकडा फिरवून यंत्रात घालतात, स्फोटकांचे कण शोधायला. एकदा हाताला क्रीम लावलं होतं. यंत्र वाजलं. आतल्या खोलीत चाळीस मिनिटं गेली, कुलकर्णी बिचारा गेटवर दोन कॉफ्या घेऊन उभा. उद्धट कुणी बोललं नाही, हेही लिहायला हवं. पण आता रांगेत असताना अम्मीचा फोन आला तर मी उचलत नाही. उचलला की सलाम म्हणावं लागतं ना.

ट्रेवाला:
माझा धाकटा भाऊ हेच काम करतो. डोळे थकतात म्हणून स्क्रीनसमोर सलग साधारण वीस मिनिटंच बसवतात. मधूनच यंत्रच कुणाच्या तरी बॅगेत खोट्या पिस्तुलाचं चित्र घुसवतं, माणूस जागा आहे का बघायला. हुकलं की नोंद होते. आणि मागून तुम्ही ओरडताय, "ओ भाऊ, बोर्डिंग सुरू झालंय!"

शंकासुर:
भावाला नमस्कार सांगा. पण २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी नकली बॉम्ब आणि हत्यारं नेऊन पाहिली, ती ७० पैकी ६७ वेळा आत गेल्याची बातमी होती. २००१ मधला बुटात बॉम्ब घातलेला माणूस तर विमानात प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी मिळून पकडला. त्याच्यापायी लोक तिथे २०२५ पर्यंत बूट काढत होते.

कातरसुपारी:
आजीच्या चंचीत अडकित्ता असतो, हे आम्ही विसरलोच होतो. नागपूरला लग्नाला जाताना कुणालाही दिसला नाही. परतताना पकडला. आजी त्या जवानाला म्हणाली, "अरे बाळा, जाताना चालतो नि येताना नाही?" त्याला मराठी येत नव्हतं, तरी हसला. चेक-इन बॅग केव्हाच गेलेली. अडकित्ता पितळी, तिच्या सासूचा, टाकवेना. शेवटी त्यानेच सुचवलं, सोडायला आलेलं कुणी बाहेर आहे का बघा. मामा पार्किंगमध्येच होता, मी पळत जाऊन देऊन आले. त्याला तीन महिने झाले. नागपूरहून कुणी गाडीने पुण्याला येणार असेल तर कृपया कळवा.