थ्रॉटल सेन्सरचा कोड आला आणि मग काय निघाले? अनुभव सांगा

घाटचढ
परवा सांगलीहून भाच्याचा फोन आला. गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागला होता, गॅरेजमधल्या स्कॅनरवर पी०१२२ हा कोड (थ्रॉटलच्या सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर कमी) आला होता आणि तिथल्या मिस्त्रींनी थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडी आहे ते कळवणारा भाग, बदलावा लागेल असे सांगितले होते. ‘‘मामा, बदलून टाकू का?’’ एवढेच त्याला विचारायचे होते. त्याला मी दोन दिवस थांबायला सांगितले, आणि मग रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरचा एक जुना पावसाळा आठवत बसलो.

तेव्हाची माझी पेट्रोल गाडी केबलच्या अ‍ॅक्सिलरेटरची होती. सपाटीवर ती निमूट चालत असे. आंबा घाट चढायला लागले, की पेडल दाबलेले असतानाही इंजिन एकदम दम सोडी, झटका देई आणि पुन्हा सावरे. एका गॅरेजने सेन्सर बदलून दिला, पण झटके तसेच राहिले. शेवटी साखरप्याला वायरिंगची कामे करणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी सेन्सरचे कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढले, इंजिन बंद ठेवून चावी फिरवली आणि काट्याचा मीटर लावला. एका पिनेवर ५ व्होल्ट व्यवस्थित येत होते आणि अर्थिंगही मिळत होते. मग कपलर परत बसवून त्यांनी मागच्या बाजूने, तारेला भोक न पाडता, सिग्नलच्या पिनेपर्यंत बारीक टाचणी सरकवली आणि मला पेडल अगदी हळू दाबायला सांगितले. काटा अर्ध्या व्होल्टच्या थोडा पुढून निघून साडेचारच्या आसपास एका चालीत गेला. म्हणजे सेन्सर चांगला होता. त्यानंतर त्यांनी वायरिंगचा जुडगा हाताने हलवायला सुरुवात केली, आणि बॅटरीच्या ट्रेजवळ पोहोचताच काटा धाडकन शून्यावर पडला.

तिथे सिग्नलची तार लोखंडी पट्टीवर घासून उघडी पडली होती. चढावर इंजिनवर जोर आला की ते माउंटिंगवर किंचित कलते, जुडगा ओढला जातो आणि उघडी तार बॉडीला टेकते. सिग्नल शून्यावर आला की ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, लेखी थ्रॉटल बंद झालेला असतो, आणि तो पेट्रोल त्या हिशेबाने देतो. सपाटीवर इंजिन कलत नव्हते, म्हणून गॅरेजच्या दारात गाडी नेहमी शहाण्यासारखी वागत असे.

आपापले अनुभव लिहावेत. गाडी कोणतीही चालेल. कंपन्यांची नावे घेऊन वाद मात्र नकोत.

गोदाकाठ
आमच्याकडे उंदीर. यापेक्षा अधिक सांगण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही.

पुन्हा_पंक्चर
गोदाकाठ, आपल्या दुःखात सहभागी आहे. आमच्या गाडीत दिवा लागला तेव्हा एका गॅरेजने त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली होती आणि त्याचे पैसे घेतले नव्हते, एवढे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

डिप्लोमाच्या_बाई
घाटचढ यांच्या गाडीत सिग्नल खाली आला. माझ्या गाडीत नेमके उलटे झाले होते. सकाळी स्टार्टर जोरात फिरत होता, पेट्रोलचा वास येत होता, पण गाडी सुरू होत नव्हती. शेजाऱ्यांनी पंप, प्लग, बॅटरी अशी सगळी निदाने करून झाली. मी स्कॅनर जोडून थेट आकडे पाहिले, तेव्हा पेडलला पायही लागलेला नसताना थ्रॉटल ९० टक्क्यांहून अधिक उघडा असल्याचे दिसत होते, आणि कोड पी०१२३ होता, म्हणजे सिग्नल प्रमाणाबाहेर जास्त.

गाडी सुरू न होण्याचे कारण इथेच आहे. पूर्ण पेडल दाबून स्टार्टर मारला, तर इंजिनात जास्तीचे पेट्रोल साचले आहे असे समजून अनेक ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतात. माझ्या पायाऐवजी सेन्सरच ते ‘पूर्ण पेडल’ कळवत होता. हा सेन्सर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीसारखा आहे: एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थिंग आणि मधला सरकता भाग म्हणजे सिग्नल. अर्थिंगची तार तुटली, की सिग्नल वर ५ व्होल्टकडे जातो. ५ व्होल्टची तार तुटली, की तो खाली शून्याकडे येतो. त्यामुळे सिग्नल वर चिकटलेला दिसला की मी आधी अर्थिंग पाहते, आणि त्या दिवशी कपलरजवळ तीच तार आतून तुटलेली निघाली. वरचे वेष्टन शाबूत होते, म्हणून नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते.

कपलर काढून स्टार्टर मारताच गाडी सुरू झाली होती, हेही सांगायला हवे. सिग्नल नाहीसा झाला की आमच्या गाडीचा ईसीयू ठरावीक आकडा धरून काम चालवतो. प्रत्येक गाडीत असे होईलच असे नाही.

सोलापूरकर_७
दोन कोड एकदम आले असतील, तर घाई करू नये. माझ्याकडे पी०१२२ सोबत पी०१०७, म्हणजे इनटेकच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या) दाबाच्या सेन्सरचाही कोड होता. दोन्ही सेन्सर एकाच दुपारी निकामी होणे फारसे पटण्यासारखे नव्हते, तरीही दोन्हींचे मिळून अंदाजपत्रक हातात पडले होते. या सेन्सरांना ५ व्होल्ट पुष्कळदा ईसीयूच्या एकाच ठिकाणाहून जातात. कपलरवर मोजले तर ५ ऐवजी एक व्होल्टही नव्हता. मग त्या वाटेवरचे एकेक कपलर काढत मीटर पाहत गेलो, आणि एसीच्या गॅसच्या दाबाचा सेन्सर सोडवताच ५ व्होल्ट परत आले. आतून शॉर्ट झालेला तो सेन्सर बाकीच्या सगळ्यांना खाली ओढत होता. ज्याच्यावर आळ होता तो थ्रॉटलचा सेन्सर आजही त्याच गाडीत आहे.

पुन्हा_पंक्चर
सोलापूरच्या उन्हात एसीशिवाय किती दिवस काढलेत, तेही लिहा!

सोलापूरकर_७
ते इथे लिहिण्यासारखे नाही. घरातल्यांनी त्या काळात काय म्हटले, तेही नाही.

डेट्रॉईटजवळ
इकडे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ कपलरमध्ये शिरले की पिनांवर हिरवट थर चढतो. माझ्या गाडीत केबल नाही. पेडलला वेगळे सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीत, म्हणजे ती झडप बसवलेल्या भागात, मोटर आहे. अशा थ्रॉटल बॉडीत स्थिती सांगणारे दोन सिग्नल असतात आणि ईसीयू ते सतत ताडून पाहतो. ते जुळेनासे झाले की पी२१३५ येतो आणि गाडी शक्ती कमी करून कशीबशी घरी पोहोचू देते. हमरस्त्यावर मागून ट्रक येत असताना ती सोय फारशी सोय वाटत नाही.

मी दोन्ही सिग्नलांचा आलेख स्कॅनरवर एकत्र काढला. आमच्या गाडीत एक चढतो तसा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज नेहमी ५ व्होल्टच्या जवळ राहायला हवी. (काही गाड्यांत दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो, म्हणून आधी आपल्या गाडीची माहिती पाहावी.) खड्ड्यावरून गेले की एकच रेषा क्षणभर कोसळत होती आणि दुसरी जागच्या जागी होती. कपलर उघडला तेव्हा एका पिनेची मादी बाजू सैल झालेली होती. त्याच मापाची सुटी पिन आत घालून बाहेर ओढून पाहिली, तर बाकीच्या पकडत होत्या आणि ही नुसती निसटत होती. पिन बदलल्यावर कोड परत आलेला नाही.

एक सूचना: मोटरवाल्या थ्रॉटलच्या पाकळीत चावी चालू असताना बोट घालू नये. ती अचानक मिटते आणि चांगलीच जोरात मिटते.

दुचाकीस्वार_साताऱ्याचा
२०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून साध्या मोटारसायकलींतही इंजेक्शन आणि हा सेन्सर आला, हे कार्बोरेटरवर वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या उशिरा ध्यानात आले. माझ्या गाडीत दर धुलाईनंतर आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होई आणि संध्याकाळपर्यंत आपोआप ठीक होई. धुणाऱ्या मुलाचा दाबाच्या पाण्याचा फवारा थेट थ्रॉटल बॉडीवर जात होता. कपलरच्या रबरी सीलची एक कड दुमडलेली होती, तिथून पाणी आत जात होते. कपलर काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला, पूर्ण वाळवला आणि सील नीट बसवली. शोरूममध्ये मात्र संपूर्ण थ्रॉटल बॉडीची किंमत सांगण्यात आली होती, कारण या गाडीत सेन्सर सुटा मिळत नाही. तो आकडा ऐकून कार्बोरेटरबद्दल माझ्या मनात पुन्हा प्रेम दाटून आले.

गोदाकाठ
घाटचढकाका, भाच्याच्या गाडीचे काय झाले? का तो अजून थांबलाच आहे?

घाटचढ
त्याच्याकडे मीटर होता, म्हणून फोनवरूनच मोजायला लावले. ५ व्होल्ट आणि अर्थिंग ठीक होते, आणि जुडगा सगळीकडून हलवूनही काही फरक पडला नाही. मात्र पेडल हळू दाबताना साधारण पाव थ्रॉटलजवळ सिग्नल दर वेळी त्याच जागी शून्यावर पडत होता आणि पुढे पुन्हा सावरत होता. तो सांगली-मिरज रोज जातो-येतो, त्यामुळे पेडल बहुतेक वेळ त्याच पट्ट्यात असते आणि आतली कार्बनची पट्टी तिथेच झिजली असणार. सेन्सर बदलला, गाडी ठीक झाली. गॅरेजच्या मिस्त्रींचे म्हणणे बरोबर निघाले आणि भाच्याने मला ते दोनदा ऐकवले आहे.

रस्त्याकडेचे_गॅरेज
धाग्यात गॅरेजवाल्यांची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून लिहितो. अर्धा तास मीटर लावून तार शोधली आणि त्याचे पैसे मागितले, की ‘‘तुम्ही बदलले तर काहीच नाही’’ असे ऐकावे लागते. नवा सेन्सर डब्यातून काढून बसवला, तर तेच गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देते. मग पुष्कळजण सेन्सरच बसवतात, यात नवल नाही. मी तपासणीचा दर फळ्यावर वेगळा लिहून ठेवला आहे. काही गिऱ्हाइके परत गेली आणि काही त्या फळ्यामुळेच येतात.

कामापुरते सांगायचे तर, अर्थिंग नुसते ‘मिळते’ म्हणून सोडून देऊ नये. कपलर लावलेला असताना, इंजिन चालू, हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा चालू ठेवून, सेन्सरची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचा ऋण टर्मिनल यांच्यात व्होल्ट मोजावेत. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर मी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी आणि तिचे बोल्ट आधी घासून घेतो. किनाऱ्याकडच्या गाड्यांत हे फार सापडते. आणि बल्बवाली टेस्ट लॅम्प या ५ व्होल्टच्या तारांना कृपया लावू नये. ती सेन्सरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि ईसीयूवर ताण येतो.

वसईकर
माझा प्रश्न लहान आहे. सेन्सर काढून त्याचा रोध ओहममध्ये मोजला आणि तो सलग बदलत असला, तर सेन्सर चांगला आहे असे समजावे का? माझ्या मीटरवर मात्र काहीच समजण्यासारखे दिसत नाही.

डिप्लोमाच्या_बाई
कार्बनच्या पट्टीच्या सेन्सरला ही चाचणी लागू पडते, पण क्षणभराचा खंड डिजिटल मीटरच्या आकड्यांत सहज हरवतो. काट्याचा मीटर किंवा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे यंत्र) असेल तर तो दिसतो. शिवाय काढलेल्या सेन्सरवर इंजिनची उष्णता आणि थरथर नसते. पुष्कळ नव्या गाड्यांत मात्र आत पट्टीच नसते, चुंबक आणि त्याची हालचाल ओळखणारा हॉल सेन्सर असतो. त्याला विजेशिवाय काही सांगता येत नाही, म्हणून तिथे ओहम मोजून काहीही सिद्ध होत नाही. तुमच्याकडे बहुधा तोच असावा.

आपल्या कपलरला किती तारा आहेत, ते पाहून कळवा. तीन असतील, तर वर सगळ्यांनी लिहिले आहे तसेच मोजता येईल. जुन्या गाडीत चार असतील, तर चौथी बहुधा आयडलच्या स्विचची असते. सहा असतील, तर त्यांतल्या दोन मोटरच्या असतात. त्यांना हात लावू नका, आधी बाकीच्या चारांचे रंग इथे लिहा.