१८+ गेम आणि चौथीतलं पोर: आपण खेळलो म्हणून त्यानेही खेळायचं?

सिडकोकर
घरात वाद पेटलाय, म्हणून इथे मांडतोय. मोठा भाऊ म्हणतो, पोराला जीटीए फाइव्ह हा गुन्हेगारीवरचा व्हिडिओ गेम खेळू दे, आपणही त्याच्याएवढे होतो तेव्हा त्याच मालिकेतला जुना व्हाइस सिटी खेळलोच की. पुतण्या चौथीत आहे. माझं स्पष्ट मत आहे, नको.

व्हाइस सिटी कॉम्प्युटरवर आला २००३ मध्ये. नाशिकच्या सिडकोतल्या नेट कॅफेत तासावर पैसे देऊन आम्ही खेळायचो. एक जण खेळणार, तिघं मागे उभे. मॉनिटरच्या कडेला चीट कोडची चिठ्ठी चिकटवलेली. पॅन्झर टाइप केलं की रणगाडा यायचा, मग शहरभर धुडगूस. संवाद आम्हाला कळत नव्हते, मिशन कुणी करत नव्हतं. माणसं होती बाहुल्यांसारखी. वेळ संपली की कॅफेवाला उठवायचा आणि विषय संपायचा.

आता जीटीए फाइव्ह बघा. २०१३ चा गेम आहे. त्यात एक मिशन आहे, बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ करायचा. पक्कड घ्यायची की विजेचा झटका द्यायचा, ते खेळणाऱ्याने निवडायचं. दात उपटायची हालचालसुद्धा त्यानेच हाताने करायची. तो माणूस किंचाळतो, विनवण्या करतो आणि हे सगळं खऱ्यासारखं दिसतं. युरोपात या गेमवर १८ चा शिक्का आहे, अमेरिकेत १७ चा. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात हे द्यायला 'आपण खेळलो' एवढं कारण मला पुरत नाही.

कॉलेज_रोड
माझा पूर्ण विरोध. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या खेळाला घाबरते. १९९२ मध्ये मॉर्टल कॉम्बॅट हा रक्तरंजित मारामारीचा गेम आला, १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली, १९९४ मध्ये वयाचे शिक्के द्यायला मंडळ बसलं. ते सगळं ज्या पोरांसाठी झालं ती आज पन्नाशीकडे आलीत. आपल्याकडे रोड रॅश या बाइकच्या गेममध्ये साखळीने दुसऱ्याला बाइकवरून पाडणारी पोरं आज अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्ट करतायत, हप्ते भरतायत.

ऑक्सफर्डचा २०१९ चा अभ्यास आहे, ब्रिटनमधल्या हजारेक मुलांवर. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यात दिसला नाही.

बंदीने काय साधतं तेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी हा फोनवरचा बंदुकांचा गेम बंद केला, पोरं तशाच फ्री फायरवर गेली. २०२१ मध्ये तोच बीजीएमआय या नावाने परत आला. तुम्ही घरी नाही म्हणा, पोरगं वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे बसेल. त्यापेक्षा शेजारी बसून खेळा.

सिडकोकर
दादा, त्या अभ्यासातली मुलं १४-१५ वर्षांची होती. मी नऊ वर्षांच्या मुलाबद्दल बोलतोय. तो अभ्यास इथे लागू कसा होतो?

आणि शिफ्ट करणारे दिसतात म्हणून सगळे ठीक निघाले असं धरू नका. कॅफेत आमच्या मागे आणखीही पोरं उभी असायची. त्यांचं काय झालं, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

पंचवटीच्या_बाई
मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. तुम्ही दोघंही खेळण्यावर भांडताय. माझ्या वर्गातली बरीच मुलं हा गेम खेळतच नाहीत, यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ बघतात. खेळणारा हिंदीतून सतत बोलत असतो आणि मधूनमधून अशी शिवी हासडतो, जी मला इथे लिहिता येणार नाही. तीच शिवी मधल्या सुट्टीत, डबा उघडता उघडता ऐकू येते.

'माझी सुट्टी' या निबंधात एकाने आजीच्या गावाला दोन ओळी दिल्या. उरलेलं पान गेममधल्या बंगल्यावर. कोणत्या मजल्यावर कोणती गाडी, सगळं तोंडपाठ. लिहिलं सुंदर होतं हो, म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

गेमवर निदान शिक्का तरी आहे, या व्हिडिओंआधी मुलांना कुणी वय विचारत नाही. आणि कॉलेज रोड, शेजारी बसा म्हणता, पण माझ्या शाळेतले बरेच पालक दोन पाळ्यांत काम करतात. शेजारी बसायचं कुणी?

अकरावी_नाशिकरोड
मी १७ चा आहे, बीजीएमआय खेळतो. बाईंचं पटलं. रक्ताचं मात्र तुम्ही लोक फार धरून बसलाय. सेटिंगमध्ये रक्ताचा रंग दुसरा करता येतो, त्याने काय बदललं?

त्रास वेगळा आहे. अनोळखी लोकांच्या रँडम टीममध्ये माइक चालू केला की पलीकडे कोण, काही कळत नाही. पाचवी-सहावीतला आवाज ऐकला की मोठी माणसं त्याला मुद्दाम छळतात, मी स्वतः ऐकलंय. आणि गेम कधी संपतच नाही. पप्पांच्या वेळच्या कॉन्ट्रा गेममध्ये आठ लेव्हल होत्या, संपल्या की टीव्ही बंद. इथे सीझन संपायच्या आत दुसरा तयार, त्यात स्किन म्हणजे खेळाडूचे नवे पोशाख, त्यात यूसी म्हणजे ते घ्यायला गेममधलं विकतचं नाणं. १८ च्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण ती कुणाला लागते? सगळे घरातल्या मोठ्यांच्या नंबरवरून खेळतात.

कुणाच्याही आईबाबांनी एक मॅच हेडफोन लावून ऐकावी. मग ठरवा.

प्रेसमधून_निवृत्त
दुपारी घरात मीच असतो. शाळेतून आल्यावर नातू फोन मागतो, मी देतो. सून ओरडते, मुलगा म्हणतो जाऊ द्या. गेम कोणता चालला, कोणता नाही, मला स्क्रीन बघून उमगत नाही. आजी-आजोबा लाडावतात म्हणता, पण आम्हाला कुणी नीट बसून सांगत नाही. मला नावं लिहून द्या, हे चालेल, हे नाही. मी पाळीन. चौकीदार करता तर यादी तरी द्या.

कॉलेज_रोड
काकांचा मुद्दा रास्त आहे. काका, फोनच्या प्ले स्टोअरमध्ये पॅरेंटल कंट्रोल असतं. नातवाच्या बाबांना वयाचा आकडा ठरवून पिन टाकायला सांगा, त्यावरचा नवा गेम उतरवताच येणार नाही. आधीपासून फोनमध्ये आहे तो मात्र हाताने काढावा लागेल. यूट्यूबचंही वेगळं बघावं लागेल.

बाकी माझं मत कायम. माझा मुलगा १३ चा आहे, हॉलमधल्या टीव्हीवर माझ्यादेखत जीटीए खेळतो. तुम्ही म्हणता ते मिशन आलं तेव्हा आम्ही थांबवून तासभर बोललो. पोलीस खरंच असं करतात का, असं त्याने विचारलं. एरवी हे त्याने मला कधी विचारलं असतं?

सिडकोकर
तुमच्या १३ वर्षांच्या मुलाबद्दल मी काही म्हणणार नाही, तुम्ही बसताय ना सोबत. पुतण्याला माझं उत्तर नाहीच. पण अकरावीवाल्या मित्राचं ऐकून भावाला एवढं सांगितलंय की रविवारी दोघांनी हेडफोन लावून तासभर ऐकायचं, आधी गेम, मग पोरगं बघतं ते चॅनल. तो तयार झालाय. वहिनी म्हणाल्या, मीही बसणार.