मदत हवी आहे: ऋण संख्यांचा चढता क्रम

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो, लेक सहावीत आहे. चढता क्रम लावायला सांगितला की −3, −8, 0, 5 असं लिहिते. ‘आठ तीनपेक्षा मोठेच ना?’ म्हणून अडून बसते. संख्यारेषेवर डावीकडची लहान, म्हणून −8 < −3, हे दाखवलं की पटतं. रेषा झाकली की पुन्हा तेच. तापमानाचं उदाहरण दिलं तर म्हणते, पुण्यात कुठे शून्याखाली जातं! (खरंय म्हणा.) पारा −39 अंशांना गोठतो, अल्कोहोल −114 ला, यातलं जास्त थंड कुठलं हे मात्र झटकन सांगते. मग वहीतच घोडं कुठे अडतं? नियम घोकून घ्यायचा नाहीये. पत्ते, सापशिडी, घरी खेळता येईल असं काही सुचवाल का?