अहिराणी ब्लॉग एकाच पानावर आणायचेत, फीड जमवण्याचा अनुभव कुणाला आहे का?

पांझराकाठ (धुळे):
राम राम मंडळी. आपल्याकडे खानदेशात अहिराणीत आणि लेवा गणबोलीत लिहिणारे बरेच जण आहेत. कुणी कानबाई देवीच्या गाण्यांवर लिहितं, कुणी खापरावरच्या मांड्यांवर, कुणी नुसत्या म्हणी जमवतं. पण सगळं विखुरलेलं. एकाचं ब्लॉगस्पॉटवर, दुसऱ्याचं वर्डप्रेसवर. सगळे ब्लॉग एकत्र वाचायला गूगल रीडर होता तोवर माझं भागायचं, तो १ जुलै २०१३ ला बंद झाला. आता वाटतं, कुणीही नवीन लिहिलं की आपोआप दिसेल असं एक संकेतस्थळ करावं. पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा येते, होस्टिंग स्वस्तातलं आहे.
फीड, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लेखांची आपोआप निघणारी यादी, किती वेळाने आणू? पूर्ण लेख दाखवू की नुसता मथळा? आणि हीच मंडळी प्रमाण मराठीतही लिहितात, त्यातून अहिराणी वेगळं कसं काढू?

शहादेकरीण:
भाऊ, नक्की करा. सिंपलपाय ही लायब्ररी घ्या, ती आरएसएस आणि ॲटम हे फीडचे दोन्ही प्रकार वाचते. फीड क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय) तासाला एकदा आणा आणि डेटाबेसात ठेवा. वाचक पान उघडतो तेव्हा आणायला जाऊ नका, एक ब्लॉग अडला की सगळं पान अडतं. सर्व्हरने दिलेला ईटॅग, म्हणजे फीडच्या त्या आवृत्तीची खूण, जपून पुढच्या वेळी परत पाठवा. काही बदललं नसेल तर तो नुसतं ३०४ (बदल नाही) सांगतो, मजकूर पाठवतच नाही. स्वस्त होस्टिंगला याचा मोठा आधार.
लेख ओळखायचा तो फीडमधल्या आयडीवरून, मथळ्यावरून नाही, मथळे लोक बदलतात. ॲटममध्ये दोन तारखा असतात, प्रकाशनाची आणि शेवटच्या बदलाची. क्रम पहिलीवर लावा. नाहीतर कुणी जुन्या लेखातली वेलांटी सुधारली की तो लेख उगाच सगळ्यांच्या वर येऊन बसतो.
अहिराणीला आयएसओ ६३९-३ या भाषांच्या संकेतांच्या यादीत 'एएचआर' असा स्वतःचा संकेत आहे, पण फीडमधल्या भाषेच्या नोंदीवर विसंबू नका, तिथे बहुतेक ब्लॉगचं जे सेटिंग असेल तेच येतं. त्यापेक्षा लेबलचा फीड घ्या. ब्लॉगस्पॉटवर प्रत्येक लेबलचा वेगळा फीड मिळतो, वर्डप्रेसवर प्रत्येक वर्गाचा. लिहिणाऱ्यांना 'अहिराणी' हे लेबल लावायची विनंती करा. 'शे' (आहे), 'माले' (मला), 'मना' (माझा) असे शब्द मोजणारा प्रोग्राम लिहिता येईल, पण निवेदन मराठीत आणि संवाद अहिराणीत अशी कथा आली तर? ते माणसानेच ठरवावं.

अमळनेरचे आबा:
मी लिहिणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. पूर्ण लेख कृपा करून घेऊ नका.
मी कानबाईची गाणी गोळा करतो. एका संकेतस्थळाने ती फीडमधून जशीच्या तशी उचलली. खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं, लिंकही होती, पण वाचणारा तिथेच वाचून तिथेच प्रतिक्रिया देऊन जायचा. पुढे पारोळ्याकडच्या एका आजींनी रोटाच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) गाण्यातलं गळालेलं कडवं मला म्हणून दाखवलं. मी माझ्याकडे ते घातलं. त्या संकेतस्थळावर अजून अपुरंच गाणं आहे आणि लोक तेच पुढे पाठवतात. गाणं सांगणारी माणसं म्हातारी झाली आहेत हो. त्यांनी मनापासून सांगितलेलं असं अर्धवट फिरताना पाहिलं की जीव तुटतो.
तर मथळा, लेखकाचं नाव आणि पहिल्या दोन-तीन ओळी घ्या, बाकी वाचायला आमच्या घरी पाठवा. ब्लॉग जोडण्याआधी प्रत्येकाला विचारा. कुणी लेख काढला तर तुमच्याकडूनही तो जाईल अशी सोय ठेवा. एवढं केलंत तर काम भलतं चांगलं शे भाऊ, माझा ब्लॉग पहिला घ्या.

शहादेकरीण:
आबांचं बरोबर आहे. काढलेल्या लेखांसाठी वेगळी सोयच लागेल. वर्डप्रेस मुळात शेवटचे १० लेखच फीडमध्ये देतं, म्हणून फीडमधून लेख दिसेनासा झाला म्हणजे तो काढलाच असं धरता येत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक दुवा तपासा. ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ४१० (पान काढलं) आलं तर नोंद लपवा, दोन-तीनदा तेच आलं तर पुसा. शिवाय त्या पहिल्या ओळींमधले एचटीएमएल टॅग काढून नुसता मजकूर ठेवा, कुणाच्या ब्लॉगवरची स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालायला नको.

पांझराकाठ (धुळे):
ताई, आबा, मनापासून आभार. मथळा, नाव आणि दोन ओळी, हे ठरलं. माझ्याकडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (फीडचे पत्ते ठेवायची फाइल) आहे, पण आता प्रत्येकाला आधी पत्र लिहितो, होकार येईल तसा ब्लॉग जोडतो. नंदुरबारकडचे आणि सुरतेला गेलेले कुणी अहिराणीत लिहीत असतील तर इथेच पत्ता द्या, माझी यादी त्या बाजूला फार तोकडी आहे. आबा, त्या आजींचं नाव गाण्याखाली द्यायला त्यांची हरकत नसेल तर तुमच्या पहिल्या दोन ओळींतच ते येऊ द्या, म्हणजे माझ्या पानावरही दिसेल.