हॅड की हॅव? मेल अडकलीय, लवकर सांगा

ऐरोलीकर७
महाप्याला नोकरी. टीम लीडने माझी मेल तिसऱ्यांदा परत पाठवली, ‘टेन्स बघ’ एवढंच लिहून. हॅड काढून हॅव घातलं, तरी तेच. दहावीला इंग्रजीत ७८ होते हो मला! सहाच्या आत मेल जायला हवी. काय घालू?

कोपरीची माऊ
वाक्य कुठाय? वाक्याशिवाय काय सांगणार, कपाळ?

घोडबंदरी
बारा काळांचा तक्ता पाठ कर. आमच्या सरांनी छडी घेऊन करून घेतला, अजून झोपेत म्हणतो.

कोपरीची माऊ
झोपेतच म्हणता ना?

नेरूळचे नाना
सगळे सिन्सला चुकतात. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९’ नाही, ‘आय हॅव बीन वर्किंग’. वर्ष सांगितलं तर सिन्स, किती वर्षं ते सांगितलं तर फॉर.

ऐरोलीकर७
नाना, मेलमध्ये सिन्स नाहीच! आधी ‘आय हॅड सेंट द फाइल यस्टरडे’ होतं, मग ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे’ केलं.

कोपरीची माऊ
दोन्ही नको. मनात ‘काल पाठवली होती’ असतं, त्या ‘होती’चं आपण हॅड करतो. मराठीत ‘होती’ एकटी खपते. इंग्रजीत हॅडला मागची दुसरी घटना लागते: सर्व्हर पडला, पण फाइल त्याआधीच गेली होती, तिथे ‘हॅड सेंट’. आणि हॅवशेजारी यस्टरडे बसत नाही, कारण काल संपला. साधं ‘आय सेंट’ लिही.

घोडबंदरी
अमेरिकेत ‘आय ऑलरेडी सेंट इट’ म्हणतात, हॅवबिव काही नाही. क्लायंट कुठला?

ऐरोलीकर७
लंडनचा.

कोपरीची माऊ
यस्टरडे असेल तर दोन्हीकडे सेंटच. उगाच फाटे फोडू नका.

नेरूळचे नाना
मराठी तरी कुठे सरळ आहे? ‘आलोच’ म्हणायचं, आणि माणूस अजून ठाण्याला वाशीच्या गाडीची वाट बघत उभा.

घोडबंदरी
गायमुखला अडकलेल्याचं ‘आलोच’ म्हणजे दोन तास धरा.

ऐरोलीकर७
माऊताई, एक राहिलं. फाइल खरं तर आज सकाळी पाठवलीय. कालच पाठवायची होती म्हणून यस्टरडे लिहिलं होतं.

कोपरीची माऊ
अरे देवा! हे आधी सांगायचंस ना. मग ‘आय सेंट द फाइल धिस मॉर्निंग’. सकाळी अकराला लिहीत असतास तर ‘हॅव सेंट’सुद्धा चाललं असतं, सकाळ चालू होती. आता सव्वापाच झाले. पाठव पटकन.