सरकारी पैशाच्या यादीतली नावं झाकावीत का? माहिती अधिकारातल्या बदलावर चर्चा

अनिरुद्ध (लोकमान्य नगर, इंदूर)

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती मोबाइल ॲप, कंपन्या आणि २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची. त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लोक बोलतायत. डेटा कायद्याचं कलम ४४(३) लगेच लागू झालं आणि त्यानं माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) बदलून टाकलं.

आधी ते कलम असं होतं. माहिती वैयक्तिक असेल आणि तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होणार असेल, तर ती नाकारता येत होती. पण व्यापक जनहित दिसलं तर द्यावी लागायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधानसभेला नाकारता येत नाही, ती साध्या माणसालाही नाकारता येत नव्हती. आता यातलं काही उरलं नाही. माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हटलं की देण्याचं बंधन संपलं.

सरकारी कागदांत कुणाचंच नाव नाही अशी माहिती असते तरी किती? कंत्राटदार कोण, नकाशा मंजूर करताना सही कुणाची, कंट्रोलच्या (रेशनच्या) दुकानातून कुणाच्या पात्रता पर्चीवर किती गहू उचलला, भरतीत कुणाला किती गुण पडले. १९९६ मध्ये राजस्थानात ब्यावरला लोक धरण्याला बसले, त्यामागे हजेरीपटांचीच लढाई होती. कामावर न आलेल्यांची नावं पटावर चढवून मजुरी उचलली जात होती. २००५ च्या कायद्याची वाट तिथून निघाली. नावं झाकलेला हजेरीपट हातात ठेवला असता तर त्या मजुरांनी काय तपासलं असतं? मुंबईच्या आदर्श सोसायटीचंही तेच. फ्लॅट कुणाकुणाला मिळाले हे कळलं म्हणून २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

सरकारचा पैसा, जमीन, नोकरी किंवा परवानगी कुणाला गेली हे लोकांना कळलंच पाहिजे. ते कलम होतं तसं परत यावं, असं मला ठामपणे वाटतं. तुमचं काय मत?

मंजिरी (सुदामा नगर)

अनिरुद्धदादा, यादीत ज्यांचं नाव असतं त्यांच्या बाजूनंही कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितेय.

माझ्या सासूबाईंना विधवा पेन्शन मिळते. एका कार्यालयाच्या भिंतीवर यादी लागली होती, तिच्यात नाव, वय, पत्ता आणि मोबाइल नंबर, सगळं. काही दिवसांनी फोन सुरू झाले. "अम्माजी, समग्र आयडी की केवायसी बाकी है, पेन्शन रुक जाएगी, ओटीपी बताइए." समग्र म्हणजे मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनोंद. बोलणाऱ्याला त्यांचा वॉर्ड माहीत, योजना माहीत, घरात कोण गेलं तेही माहीत. त्यांना तो सरकारी माणूसच वाटला. साठवलेले पैसे गेले. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे आता त्या ओळखीच्या नंबरावरचाही फोन घ्यायला घाबरतात, आणि आपल्या हातून घराला खोट आली असं मनाला लावून बसल्यात.

लाडली बहना योजनेत, म्हणजे मध्य प्रदेशात बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या योजनेत, परित्यक्ता बायकाही येतात. आपल्याला नवऱ्यानं टाकलंय हे नात्याबाहेरच्या माणसानं यादीत वाचावं असं त्यातल्या कुणाला वाटेल? ज्याला सरकारची मदत लागते त्याचं आयुष्य भिंतीवर, आणि ज्याला लागत नाही त्याचं कुलूपबंद. गरिबाला आब नसतो का? कायद्यानं वैयक्तिक माहितीला कुंपण घातलं असेल तर मी त्याच्या बाजूनं आहे.

सुहास (सेवानिवृत्त, राज्य शासन)

मंजिरी, बरं केलंस लिहून.

मी नोकरीत असताना लोक सूचना अधिकाऱ्याचं, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तरं देण्याचं, काम केलंय. प्रामाणिक अर्जदार पुष्कळ भेटले. त्यांच्यामुळे काही फायली हलल्या हेही खरं. पण काही जणांचा तो धंदाच होता. एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय रजेचे कागद मागायचे, मालमत्तेचं विवरण मागायचं आणि मग मध्यस्थाकरवी तडजोडीचा निरोप धाडायचा. एकदा तर एका बाईंच्या प्रसूती रजेची फाइल मागितली होती. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहून रडल्या. अशा वेळी अधिकाऱ्याच्या पाठीशी स्पष्ट कायदा हवा.

आणि हे आकाशातून पडलेलं नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगितलं की कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा, झालेल्या शिक्षा, आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. शिवाय माहिती अधिकाराचं कलम ८(२) जागेवर आहे. जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती आजही देता येते. मग अधिकार संपला असं अनिरुद्ध कशावरून म्हणतोस?

केतकी (वकील, उच्च न्यायालय इंदूर खंडपीठ)

काका, ८(२) जागेवर आहे हे बरोबर. पण त्याचा वापर करायचा कुणी? पूर्वी जनहिताची कसोटी त्याच कलमात होती, त्यामुळे अर्ज ज्याच्या टेबलावर येई त्याला ती लावावीच लागे. नाही लावली तर अपिलात आम्ही बोट ठेवत असू. आता निर्णय सार्वजनिक प्राधिकरणाच्या मर्जीवर, म्हणजे त्या विभागावरच. ज्या विभागाचा घोटाळा, त्यानंच ठरवायचं की तो उघड करणं जनहिताचं आहे का. खालच्या अधिकाऱ्यावर तर माहिती नाकारली म्हणून दंड बसायची भीती जवळजवळ उरलीच नाही. तो दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. तेवढाच काय तो धाक होता.

तुम्ही सांगितलेली प्रसूती रजेची फाइल जुन्या कलमाखालीही सहज नाकारता आली असती. देशपांडे निकाल जुन्याच कलमावरचा आहे. म्हणजे खासगीपणा जपायला ते कलम पुरेसं होतं.

उलट बाजूचं उदाहरण देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुणे जिल्हा न्यायालयातल्या लिपिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण द्यायला सांगितलं. सार्वजनिक भरतीत गुण लपवले तर संशय वाढतो, हा त्यातला मुद्दा. आज तोच अर्ज केला तर पहिल्याच टप्प्यावर "वैयक्तिक माहिती" असा शिक्का मारून परत येईल. भरतीची तयारी करणारी किती मुलं भंवरकुआच्या खोल्यांमध्ये राहतात ते आपण रोज बघतो. त्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा?

मंजिरीताईंच्या सासूबाईंबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण ती यादी माहिती अधिकारात कुणी मागितली नव्हती. कार्यालयानं स्वतःच लावली. आधारच्या बाबतीत असंच झालंय. २०१७ मध्ये झारखंडात सरकारी संकेतस्थळावरूनच लाखो पेन्शनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते, आधार क्रमांक जाहीर करायला २०१६ च्या कायद्याची बंदी असतानाही. आणि माहिती अधिकाराच्या कलम १० नुसार कागदाचा नाजूक भाग काळा करून उरलेला देता येतो. मोबाइल नंबर झाका, खातं झाका. नाव आणि रक्कम राहू द्या.

निखिल (विजय नगर, सॉफ्टवेअर)

मला वाटतं केतकीताईंचा उपाय २००५ च्या काळापुरता ठीक होता. तेव्हा यादी कागदावर असायची, बघायला जावं लागायचं. आज ती पीडीएफमध्ये येते आणि एक छोटा प्रोग्राम रातोरात सगळ्या वॉर्डांच्या याद्या उतरवून घेतो. मतदार यादीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक आधीच असतो. त्याला पेन्शनची यादी जोडली की नंबर झाकलेला असूनही माणूस सापडतो. मग एआयनं बनवलेल्या आवाजात शुद्ध माळवी बोलणारा फोन येतो. मी हे काम जवळून बघतो, ही कल्पना करून सांगत नाही.

एका माणसानं एका प्रकरणाची चौकशी करणं वेगळं आणि सगळ्यांची यादी सगळ्यांसाठी कायमची मोकळी ठेवणं वेगळं. कायद्यानं हा भेद करायला हवा. जुनं कलम करत नव्हतं, नवंही करत नाही. पण दोन्हींतलं एक निवडायचं तर मी जास्त झाकणारं निवडेन, कारण बाहेर पडलेला डेटा परत घेता येत नाही.

अनिरुद्ध

निखिल, मुद्दा वजनदार आहे. पण तू म्हणतोस ते संरक्षण या दुरुस्तीतून मिळतं का ते बघ. डेटा कायद्यातली नागरिकाच्या बाजूची मुख्य कलमं, म्हणजे संमती, सुरक्षेची जबाबदारी, माहिती फुटली तर कळवणं, ही १८ महिन्यांनी लागू होणार. माहिती अधिकारावरची कात्री मात्र ताबडतोब चालली. चोरीची तक्रार घेणारं ठाणं दीड वर्षानं उघडणार आणि गल्लीतले दिवे आजच काढून नेले, असं झालंय हे.

त्यात सरकारला आपल्या संस्थांना या कायद्यातून सूट देण्याचीही मुभा आहे, कलम १७ मध्ये. म्हणजे आपल्याबद्दल सरकारला सगळं कळणार, समग्रवर अख्खं कुटुंब नोंदलेलं. आपण मात्र सरकारी खर्चाबद्दल विचारलं की मधे कुणाचा तरी खासगीपणा येणार.

लाडली बहनाचंच घ्या. २०२३ मध्ये तात्पुरती यादी लावून आपत्ती, म्हणजे हरकती, मागवल्या होत्या, कारण अडीच लाखांवर उत्पन्न असलेल्यांना तो पैसा जाऊ नये. यादीच नसती तर आपत्ती कोण घेणार होतं?

सुहास

यादी लावून आपत्ती मागवणं ही योजनेच्या नियमातली गोष्ट आहे, ती या दुरुस्तीनं थांबत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली विभागांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची असते, तेही कायम आहे.

आणि घोटाळे फक्त अर्जांमुळे बाहेर येतात असं नाही. व्यापमं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांचा घोटाळा, फुटलं ते जुलै २०१३ मध्ये आपल्याच शहरात, पोलिसांनी दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला आलेल्या पोरांना पकडलं तेव्हा. तपास यंत्रणांना कुठलीच माहिती बंद झालेली नाही. गुन्हा शोधायचं काम त्यांचं आहे. शेजाऱ्याचे कागद शेजाऱ्याच्या हातात देऊन तपास होत नाही, भांडणं होतात. तीस वर्षं खुर्चीत बसून मी हे बघितलंय.

केतकी

काका, व्यापमंचं उदाहरण माझ्या बाजूनं जास्त जातं. पोलिसांनी पकडलं २०१३ मध्ये, पण गैरप्रकारांची ओरड त्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्या वर्षांमध्ये खऱ्या मुलांच्या जागा गेल्या. यंत्रणा स्वतःहून जागी होईल म्हणून वाट बघण्याची किंमत या शहरानं मोजलीय.

खासगीपणा विरुद्ध माहिती हा झगडा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांच्या निकालात हाताळला आहे. देणगीदाराच्या खासगीपणाचा मुद्दा तिथेही होता. घटनापीठानं दोन्ही हक्क शेजारी ठेवून तोलले आणि मतदाराच्या जाणण्याच्या हक्काला पुरेसं स्थान न देणारी योजना रद्द केली. ४४(३) मध्ये ते तोलणंच काढून टाकलंय, माझा आक्षेप एवढाच आहे.

मंजिरीताई, अजून एक. डेटा कायद्याखाली २५० कोटींपर्यंत दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातलं काही मिळत नाही. आयटी कायद्यात भरपाईचं जे कलम होतं, ४३अ, तेही हा कायदा काढून टाकतो. तुमच्या सासूबाईंना या कायद्यानं एक रुपया परत मिळणार नाही.

मंजिरी

भरपाईचं हे मला माहीत नव्हतं. वाचून संताप आला.

तरी माझा प्रश्न शिल्लकच आहे. नंबर झाका म्हणालात, मान्य. पण ‘परित्यक्ता’ हा रकाना? तो झाकला तर पात्रता तपासता येणार नाही असं तुम्हीच म्हणाल. मग तपासायचं कुणी आणि कुणापुढे? वॉर्डातल्या चार बायकांची समिती बसवून आतल्या आत तपासणी करता येईल, गल्लीला दाखवायची गरज नाही. कंत्राटदाराचं नाव आणि विधवेचं नाव एकाच तागडीत घालू नका. कंत्राटदार निविदा भरतो तो नफ्यासाठी, ती अर्ज करते पोटासाठी.

अनिरुद्ध

हा फरक कायद्यात यायला हवा, ताई. अधिकारी, कंत्राटदार, लोकप्रतिनिधी यांची कामासंबंधीची माहिती पूर्ण खुली. लाभार्थ्याचं नाव आणि रक्कम खुली, कारण झाकलं की मधला दलाल खातो. त्याची वैवाहिक स्थिती, आजार, नंबर बंद. जुन्या कलमाखाली अशी विभागणी अधिकाऱ्याला करता येत होती, करावी लागत होती.

मंजिरी

नाव खुलं ठेवण्यावर माझं अजून जमलेलं नाही.

सुहास

अनिरुद्ध, तुझ्या वॉर्डातल्या रस्त्याच्या कामासाठी अर्ज करणार होतास ना? कंत्राटदाराचं नाव, मोजमाप पुस्तिका आणि देयकं माग, आणि ८(२) खाली जनहित काय आहे ते अर्जातच चार ओळींत लिही, म्हणजे नाकारणाऱ्याला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागेल. मजकूर पाठव, मी बघून देतो. दुरुस्तीबद्दल माझं मत तेच आहे.