शांततेच्या मैफलींनी नेमकं काय होतं?

ओसरीवरचा:
कुठे दंगल झाली की महिन्याभरात 'सद्भावना संगीत संध्या' ठरलेलीच. दीपप्रज्वलन, एक अभंग, एक कव्वाली, पेपरात फोटो. याने कुणाच्या हातातला दगड खाली पडला, दाखवा मला.

यातला सगळ्यात गाजलेला फोटो जमैकाचा. किंग्स्टनमध्ये दोन पक्षांनी पोसलेल्या टोळ्या एकमेकांना मारत होत्या. खुद्द तिथला लाडका गायक बॉब मार्ली याच्यावर डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून गोळ्या झाडल्या गेल्या. तरी २२ एप्रिल १९७८ ला तो नॅशनल स्टेडियमवर गायला आणि पंतप्रधान मायकेल मॅन्ली नि विरोधी नेते एडवर्ड सिआगा यांना स्टेजवर बोलावून त्यांचे हात एकत्र धरून उंचावले. १९८० हे निवडणुकीचं वर्ष, त्यात तिथे आठशेहून जास्त माणसं मेली. फोटोखाली हे कुणी लिहीत नाही.

तंबोरा:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. कार्यक्रमाची कल्पना नेत्यांची नव्हतीच. क्लॉडी मॅसॉप आणि बकी मार्शल हे विरुद्ध टोळ्यांचे दादा, त्यांनी आधी आपसात तह केला आणि मग मार्लीला गळ घातली. मॅसॉप १९७९ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. तह मोडला त्याला गाणं जबाबदार? बंदुका पुरवणारे होते तिथेच राहिले.

ओसरीवरचा:
तेच तर! त्या पुरवणाऱ्यांनाच शांतिदूत म्हणून मिरवायला मिळालं. मार्लीचा जुना साथीदार गायक पीटर टॉश त्याच रात्री, त्याच स्टेजवरून, गांजा ओढत, गरिबांच्या छळाबद्दल नेत्यांना तोंडावर सुनावून गेला. काही महिन्यांत पोलिसांनी त्याला बेदम मारलं. त्याचा फोटो कुणाच्या भिंतीवर दिसतो?

बाराखडी:
म्हणजे टॉश चालतो, मार्ली नाही. मग तुमचं भांडण कलेशी नाहीच, नेत्यांच्या हस्तांदोलनाशी आहे.
एस्टोनिया बघा. तिथे १८६९ पासून समूहगायनाचे उत्सव भरतात, सोव्हिएत राजवटीतही भरले. १९८८ मध्ये टॅलिनच्या गायन मैदानावर लाखो लोक स्वातंत्र्याची गाणी म्हणत उभे राहिले. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, रक्तपात न होता. तिथे श्रोते नव्हतेच हो, सगळे गाणारे!

खारे_दाणे:
एका सुरात गायलं की अहिंसा आली, असं कुणी सांगितलं? १८९४ च्या सुमारास पुण्यात गणपतीचे मेळे निघू लागले, तेव्हा 'मोहरमला जाऊ नका' असं सांगणारी पदं होतीच की त्यांत. तीही पोरांनी तालमी करून, झकास चालीत गायली. लोक आधी एकमेकांच्या सणात नाचत होते, ते गाण्यांनीच वेगळे केले.

बाराखडी:
हा मुद्दा बिनतोड. पण म्हणूनच ते मैदान सोडून चालत नाही. राष्ट्र सेवा दलाची कलापथकं गावोगाव फिरायची. निळू फुले तिथलेच. ती दंगल होण्याची वाट बघत बसली नव्हती.

ओसरीवरचा:
एवढं पटलं. मग संगीत संध्येचे पैसे वस्तीतल्या तालमीच्या खोलीला द्या. आणि पुढाऱ्यांना पहिल्या रांगेचे पास बंद.

तंबोरा:
पास बंद केले तर हॉल कोण देणार, तुम्ही?